सोलापूरच्या प्रशालेत आठवी ते दहावी: पालक आणि विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची प्रशाला अनुदानित, मराठी माध्यमाची. पालकसभेत, वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर आणि शाळा सुटताना गेटपाशी तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण बऱ्याच उत्तरांमध्ये ती येणार आहे. घरोघरी धावपळ सुरू होते ती दहावीत, पण बहुतेक संधींचे अर्ज भरायचे असतात आठवीत. यंत्रमागावर, विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये किंवा रिक्षावर काम करणाऱ्या पालकांपर्यंत या तारखा वेळेत पोहोचत नाहीत. हुशार मुलं तेवढ्यावरून मागे राहतात, आणि ते मला पटत नाही.

१. शाळा पाचवी ते दहावीची आहे. मग माध्यमिक कुठून धरायचं?

सोलापुरातल्या बहुतेक जुन्या प्रशालांमध्ये पाचवी ते दहावीचे वर्ग एकाच आवारात भरतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतचं शिक्षण प्राथमिक, नववी-दहावी माध्यमिक. दहावीची परीक्षा राज्य मंडळाची, आणि सोलापूर जिल्हा मंडळाच्या पुणे विभागात येतो. गुणपत्रिका, दुरुस्त्या, पुनर्मूल्यांकन या सगळ्यासाठी विभागीय मंडळ पुण्याचं, पण अर्ज शाळेमार्फतच करा.

२. घरी तेलुगू बोलतो. मुलगी मराठी माध्यमात मागे पडेल का?

नाही. पूर्व भागातल्या प्रशालांमध्ये निम्मा वर्ग घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारा असतो, आणि ही मुलं मराठीत उत्तम लिहितात. अडचण येते ती नववीत, निबंध आणि उपयोजित लेखनात, कारण बोलण्यातली मराठी आणि परीक्षेतली मराठी यांत अंतर असतं. आठवीपासून रोज अर्धं पान स्वतःच्या शब्दांत लिहायला लावा, विषय कोणताही चालेल. घरची भाषा मात्र बंद करू नका. आजीशी तेलुगूत बोलणारं मूल मराठीत कच्चं राहतं, हा समज चुकीचा आहे.

३. दहावीचे गुण नेमके कसे धरतात? 'बेस्ट ऑफ फाइव्ह' म्हणजे काय?

विषय सहा, प्रत्येकी १०० गुण. तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे. प्रत्येक विषयात ८० गुण लेखी आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. गणिताचे ८० गुण भाग १ आणि भाग २ असे चाळीस-चाळीसमध्ये विभागलेले असतात. विज्ञानाचंही तसंच, आणि त्याचे २० गुण प्रात्यक्षिकाचे. लेखी आणि अंतर्गत मिळून १०० पैकी ३५ मिळाले की विषय सुटला.

टक्केवारी काढताना सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरतात, म्हणजे ५०० पैकी. म्हणून सहावा विषय 'सोडून द्यायचा' असं काही मुलं ठरवतात. असं करू नका, पास सगळ्या सहा विषयांत व्हावं लागतं.

४. संपूर्ण संस्कृत घ्यावं, संयुक्त घ्यावं की हिंदीच ठेवावी?

संपूर्ण संस्कृत १०० गुणांचं. संयुक्तमध्ये ५० हिंदी, ५० संस्कृत. ज्या मुलाला पाठांतर आणि व्याकरणाचे तक्ते आवडतात त्याला संस्कृतात चांगले गुण पडतात, हे खरं. पण केवळ गुणांसाठी घेतलेलं संस्कृत नववीच्या दुसऱ्या सत्रात जड जातं. मुलाला विचारा, शेजाऱ्याच्या मुलाचे गुण पाहून ठरवू नका. शाळेत संस्कृतचे शिक्षक आहेत का, हेही आधी पाहा.

५. आठवीत कोणकोणत्या गोष्टी सुटता कामा नयेत?

आमच्या अनुभवात या चार: एनएमएमएस परीक्षा (प्रश्न ६), एलिमेंटरी चित्रकला परीक्षा (प्रश्न ९), एनसीसीची निवड आणि खेळाच्या संघातली नोंद (प्रश्न १०). एनसीसीचं 'ए' प्रमाणपत्र दोन वर्षांचं असतं. नववीत नाव दिलं तर दहावीच्या वर्षात कॅम्प आणि परेड येते, म्हणून आठवीत घ्या.

शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल गोंधळ आहे. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला होत होती. आता शासनाने ती पुन्हा चौथी आणि सातवीवर नेली आहे. धाकटं भावंड सातवीत असेल तर त्याच्या वर्गशिक्षकांना जूनमध्येच विचारा. एनटीएस, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, २०२१ पासून बंद आहे. तिच्या नावाने कोणी क्लासची फी मागत असेल तर देऊ नका. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते, आठवीसाठी नाही.

६. एनएमएमएस म्हणजे काय? आमचा मुलगा पहिला-दुसरा येत नाही, त्याला बसवावं का?

जरूर बसवा. ही राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा, निवड झाल्यास नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,००० होतात. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा आहे.

अटी तीन. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. सातवीत किमान ५५ टक्के. अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांची सवलत. आणि शाळा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित असावी. विनाअनुदानित इंग्रजी शाळा, केंद्रीय विद्यालय आणि नवोदयचे विद्यार्थी यात बसत नाहीत. एका अर्थी ही परीक्षा आपल्याच मुलांसाठी आहे.

पेपर दोन, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. पहिला बौद्धिक क्षमतेचा: मालिका, आकृत्या, सांकेतिक भाषा. दुसरा शालेय विषयांचा: विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. दोन्हींत मिळून ४० टक्के पात्रतेसाठी लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ३२. वर्गात पहिला येणारा मुलगा बौद्धिक पेपरमध्ये अडखळतो आणि मागच्या बाकावरचा शांत मुलगा आकृत्या झरझर सोडवतो, असं आम्ही दर वर्षी पाहतो. म्हणून शिक्षकांनी 'निवडक' मुलांनाच बसवू नये असं माझं ठाम मत आहे. अटीत बसणारा प्रत्येक जण बसला पाहिजे.

पात्र ठरूनही निवड यादीत नाव आलं नाही, तर मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या शासकीय संस्थेची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. त्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो.

७. एनएमएमएसच्या यादीत नाव आलं, पण पैसे आलेच नाहीत. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. यादीत नाव आल्यावर काम संपत नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, विद्यार्थ्याने अर्ज भरायचा, शाळेने तो पडताळायचा, मग जिल्हा पातळीवर पडताळणी. दहावी, अकरावी, बारावीत दर वर्षी नूतनीकरण. यातला एक टप्पा चुकला की त्या वर्षीचे पैसे गेले.

खातं विद्यार्थ्याच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. आधारवर 'वेंकटेश', शाळेच्या जनरल रजिस्टरला 'व्यंकटेश' आणि पासबुकात तिसरंच काही, असं असेल तर अर्ज अडकतो (प्रश्न १५ पाहा). बँकेत जाऊन 'खातं आधारला लिंक आहे का' एवढं विचारून भागत नाही. 'सरकारी अनुदान याच खात्यात येईल असं जोडलंय का' हे विचारा.

दोन अपवाद लक्षात ठेवा. दहावीनंतर शिष्यवृत्ती पुढे चालू राहायला दहावीत ६० टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमातींना ५५. आणि दहावीनंतर पॉलिटेक्निक किंवा आयटीआयला गेल्यास ही शिष्यवृत्ती थांबते. डिप्लोमा घेणं चूक आहे असं मी म्हणत नाही, पण निर्णय हे माहीत असताना व्हावा.

८. आई विडी कामगार आहे. तिच्या कार्डावर मुलांना काही मिळतं का?

मिळतं. केंद्रीय कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे: पाचवी ते आठवीला वर्षाला १,५०० रुपये, नववी-दहावीला २,०००, अकरावी-बारावीला ३,०००. आईचं किंवा वडिलांचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. अर्ज एनएसपीवरच. शहराबाहेर कुंभारीत विडी कामगारांची घरकुल वसाहत आहे, तिथून आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी हे कार्ड लोखंडी कपाटात जपून ठेवलेलं असतं, पण अर्ज भरलेला नसतो.

एनएमएमएस आणि ही, दोन्ही एकदम घेता येत नाहीत. एनएमएमएसमध्ये निवड झाली असेल तर तीच ठेवा, रक्कम कितीतरी जास्त आहे.

९. चित्रकलेच्या परीक्षेचे दहावीला गुण मिळतात म्हणे. किती?

इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीवर मिळतात: 'अ' श्रेणीला ७, 'ब' ला ५, 'क' ला ३. एलिमेंटरीचे वेगळे गुण नाहीत, पण आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट हा क्रम ठेवला तर हात तयार होतो आणि दहावीचं वर्ष मोकळं राहतं. परीक्षा कला संचालनालयाची. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन.

हे गुण गुणपत्रिकेत एकूण गुणांपुढे अधिकचं चिन्ह देऊन छापलेले असतात. प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो. प्रमाणपत्राची प्रत शाळेत दिली नाही, तर श्रेणी असूनही गुण मिळत नाहीत. लोककला आणि शास्त्रीय कलांसाठीही सवलतीचे गुण आहेत, मात्र त्याला मान्यताप्राप्त संस्थेचंच प्रमाणपत्र चालतं.

१०. मुलगी खो-खो चांगली खेळते. पुढे कसं जायचं, आणि अभ्यासाचं काय?

शालेय क्रीडा स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेतं. वयोगट तीन: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. टप्पे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. सोलापूर शहराचं मात्र वेगळं आहे. महापालिका क्षेत्राला स्पर्धेपुरता स्वतंत्र जिल्हा धरतात, त्यामुळे शहरातल्या शाळेचा संघ जिंकला की थेट विभागाला जातो. विभाग पुण्याचा, म्हणजे गाठ पुणे आणि नगरच्या संघांशी. 'आम्ही कुंभारीत राहतो, मग मुलगी ग्रामीणमधून का नाही?' असं एका पालकांनी विचारलं होतं. घर कुठं आहे ते पाहत नाहीत, शाळा कुठं आहे ते पाहतात.

खो-खो आपल्या जिल्ह्याचा हक्काचा खेळ. वेळापूरपासून शहरापर्यंत चांगले संघ आहेत, त्यामुळे स्पर्धा कडक. सराव सकाळी साडेसहाला, कारण ऑक्टोबरातसुद्धा दहानंतर मैदान तापतं. आमच्या मुली सरावाला येताना डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणतात. सराव संपला की पाठीमागच्या सावलीत बसून खातात आणि तशाच प्रार्थनेला उभ्या राहतात. ज्यांच्या घरी सकाळी पाणी भरण्याचं काम मुलीकडे असतं, त्यांच्या आयांशी आम्ही स्वतः बोलतो. नळाला पाणी येण्याचा दिवस असेल त्या दिवशी सरावाला सूट आहे. मुलीचा खेळ यामुळे सुटता कामा नये.

दहावीला खेळाचे सवलतीचे गुण स्पर्धेच्या स्तरानुसार वाढत जातात. त्याचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या छाननीतून मंडळाकडे जातो. मूळ प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा, लॅमिनेट करू नका. मागचा शिक्का आणि सही वाचता यायला हवी.

अभ्यासाचं म्हणाल, तर खेळणारी मुलं वेळेचं भान लवकर शिकतात. स्पर्धेमुळे घटक चाचणी बुडाली तर ती पुन्हा घेतली जाते.

११. एका अकादमीने मुलाला गोव्याला 'नॅशनल'ला नेलं, पदकही मिळालं. त्याचे गुण का मिळाले नाहीत?

कारण ती स्पर्धा शासनमान्य यादीतली नव्हती. कुठल्याही खासगी संस्थेला 'राष्ट्रीय' असं नाव देऊन स्पर्धा भरवता येते, प्रवेश फी घेता येते आणि पदकं वाटता येतात. पालक उसने पैसे काढून मुलांना पाठवतात, म्हणून हे स्पष्ट लिहिते: पैसे भरण्यापूर्वी खेळ आणि संघटना मान्यताप्राप्त आहे का, हे कुमठा नाक्याच्या जिल्हा क्रीडा संकुलात जाऊन विचारा. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना विचारलं तरी चालेल. मुलाची मेहनत खरी असते. तिची किंमत न करणाऱ्या प्रमाणपत्रासाठी ती खर्ची पडू नये.

१२. इन्स्पायर पुरस्काराला प्रकल्प विकत आणून दिला तर चालेल का?

नाही, आणि गरजही नाही. इन्स्पायर मानक योजनेत आधी फक्त कल्पना मागतात, तीही मुलाची स्वतःची. निवड झाली की मॉडेल करण्यासाठी १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात येतात.

चांगली कल्पना घरातल्या अडचणीतून येते. आमच्या एका विद्यार्थिनीची आई दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. तेंदूपान पाण्यात भिजवायचं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा. मान सतत खाली. मुलीने सुपाला घडीचे पाय सुचवले आणि एका कडेला तंबाखूची भुकटी खाली पडेल अशी जाळी, जेणेकरून ती नाकात जाणार नाही. चित्र पेन्सिलीने काढलेलं, मापं आईच्या बसण्यावरून घेतलेली. परीक्षक अशा वहीपाशी थांबतात. थर्माकोलचा ज्वालामुखी दहा ठिकाणी असतो.

विज्ञान प्रदर्शन हा वेगळा उपक्रम आहे. तिथे वस्तू आणि मांडणी दोन्ही लागतात.

१३. गॅदरिंग, गड्डा यात्रा आणि पूर्वपरीक्षा सगळं एकदमच येतं. दहावीच्या मुलांनी काय करावं?

स्नेहसंमेलन डिसेंबरात होतं, दहावीच्या मुलांनी त्यात भाग घ्यावा. एक नाच किंवा एक नाटुकलं बसवल्याने वर्ष वाया जात नाही. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रा, म्हणजेच गड्डा. ज्या घरांत नंदीध्वजाची सेवा आहे तिथली मुलं आधीपासून सरावाला जातात, आणि ती सेवा त्यांच्यासाठी मोठी गोष्ट असते. आम्ही पूर्वपरीक्षेचं वेळापत्रक यात्रेचे मुख्य दिवस सोडूनच लावतो. यात्रा भरते त्या होम मैदानावर रोज रात्री जायचं की एकदा, हे घरात ठरवा.

१२ जानेवारीचा कार्यक्रम मात्र चुकवू नका. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी दिली. आपल्या गावातल्या चौकातले चार पुतळे कोणाचे आहेत हे प्रत्येक मुलाला सांगता आलं पाहिजे. त्या दिवशीच्या वक्तृत्व स्पर्धेत पाठ केलेलं भाषण नको, स्वतः माहिती काढून बोला.

१४. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत का?

७५ टक्के हजेरी लागते. आजारपण असेल तर वैद्यकीय दाखल्यासह कमी हजेरी क्षमापित करण्याचा प्रस्ताव शाळा पाठवते. दाखला आजारपणाच्या वेळीच द्या, जानेवारीत नको.

१५. नावात किंवा जन्मतारखेत चूक आहे. कधी दुरुस्त करायची?

मूल शाळेत असतानाच, शक्यतो आठवीत. जनरल रजिस्टरमधली नोंद बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर हेच काम फार अवघड होतं. जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंद एकत्र ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आडनावातलं एक जोडाक्षरसुद्धा पुढे पासपोर्टपर्यंत त्रास देतं.

१६. गुण अपेक्षेपेक्षा कमी आले. पेपर पुन्हा तपासून मिळतो का?

गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेलं उत्तर राहिलंय का एवढं पाहतात. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावीच लागते. ती विषयशिक्षकांना दाखवा आणि त्यांनी होय म्हटलं तरच पैसे भरा. मुदत थोडी असते, निकालाच्या आठवड्यात गावाला जाऊ नका.

१७. दोन विषय राहिले. वर्ष वाया गेलं का?

नाही. एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय ठेवून पुढच्या वर्गात जाण्याच्या सवलतीने, अकरावीला प्रवेश मिळतो आणि जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत ते सोडवता येतात. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे, त्यामुळे नोंदणी वेळेत करा. निकालाच्या दिवशी मूल गप्प झालं तर त्याला एकटं सोडू नका; फोन करा, आम्ही घरी येतो.

१८. मुलाने नववीत शाळा सोडली, आता कारखान्यात जातो. त्याला दहावी करता येईल?

येईल. फॉर्म नंबर १७ भरून खासगी विद्यार्थी म्हणून मंडळाच्या परीक्षेला बसता येतं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. नोंदणी परीक्षेच्या बरीच आधी बंद होते, तेव्हा जुलैपासूनच चौकशी ठेवा. पण त्याआधी एकदा त्याला घेऊन शाळेत या. वय आणि दाखला पाहून पुन्हा वर्गातच बसवता येत असेल, तर आम्ही तेच करू. पाळी बदलून मिळते का, हे कारखानदाराशी बोलायलाही आमचे शिक्षक येतील.